दप्तराची दुसरी प्रत कोणाकडे?

गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या बहुतेक संघटनांचे दप्तर लोखंडी कपाटातून संगणकात गेले. सभांची इतिवृत्ते, वर्गणीचा हिशेब, बचत गटांच्या नोंदी, शिबिरांचे फोटो, आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे बायकांनी विश्वासाने आपल्यापाशी सांगितलेल्या हकिकती, अर्ज आणि तक्रारी. कपाट होते तेव्हा किल्ली कोणाकडे आहे हे प्रत्येकीला ठाऊक असे. संगणक आल्यावर हा प्रश्न विचारणेच बंद झाले. "सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढ्या वाक्यावर आपण निर्धास्त झालो.

संगणकातील दप्तराची ठरल्या वेळी प्रत काढून ठेवणे, म्हणजे बॅकअप, हे काम आपण तांत्रिक म्हणून बाजूला सारतो. दुकानदार बघेल, कोणाचा तरी भाऊ येऊन करून देईल, असे म्हणतो. माझे म्हणणे असे की हे काम चळवळीचेच आहे. मोर्चाची परवानगी काढण्याइतकेच ते संघटनेच्या अजेंड्यावर असले पाहिजे.

कागद कोणाच्या हाती असतो

कागल आणि हातकणंगले तालुक्यांत पसरलेल्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीचेच उदाहरण घेऊ. फौंड्रीच्या कोअर शॉपमध्ये, कापड तपासणीला, पॅकिंगला, कँटीनमध्ये, साफसफाईला आसपासच्या गावांतून बायका येतात. यांतल्या कितीतरी जणी कंत्राटदारामार्फत लागलेल्या असतात. हजेरीपुस्तक कंत्राटदाराकडे, पगारपत्रक कंत्राटदाराकडे, गेटवरची नोंद कंपनीकडे. कंत्राट बदलले की जुन्या कंत्राटदाराबरोबर तिच्या कामाचा पुरावाही जातो. तिच्याजवळ उरते ते मोबाईलमधले एखादे छायाचित्र, नाहीतर पासाचा तुकडा.

बाळंतपणाच्या रजेचा पगार मिळवायचा तर आधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम केल्याचे दाखवावे लागते. हे ८० दिवस ती कुठून दाखवणार? कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा कंत्राटी कामगार बाईलाही लागू आहे. पण तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत द्यावी लागते, चौकशी ९० दिवसांत पुरी व्हावी लागते, आणि निर्णय मान्य नसेल तर अपिलासाठी पुन्हा ९० दिवस असतात. मालकाविरुद्धच तक्रार असेल, किंवा दहापेक्षा कमी माणसांची जागा असेल, तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे न्यावी लागते. या सगळ्या काळात तारखा, साक्षी, संदेश, अर्जाची पोच नीट जपून ठेवावी लागते. मालकाचे दप्तर त्याचा कारकून, वकील आणि लेखापाल सांभाळतात. तिचे दप्तर आपण सांभाळतो. तो संगणक बंद पडला तर तिच्या बाजूचा कागदच उरत नाही.

आणि मग आपण तिला काय सांगतो? "ताई, पुन्हा एकदा सांगाल का?" जी गोष्ट एकदा उच्चारायला तिने महिना घालवला, ती तिने पुन्हा सांगायची, कारण आपण प्रत काढली नव्हती. पुन्हा सांगताना एखादी तारीख इकडची तिकडे झाली की समोरचा वकील तेवढ्यावरच तिला खोटी ठरवायला टपलेला असतो. बॅकअपचा विचार यंत्राच्या बाजूने न करता या बाईच्या बाजूने करून बघावा.

आपल्या स्वतःच्या इतिहासातही हा धडा आहे. ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ साली पुण्यात छापले गेले, पाचशे प्रती. नंतर ते पुस्तक जवळजवळ नव्वद वर्षे विस्मरणात गेले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले, म्हणून आज आपण ताराबाईंचे नाव घेतो. कुठेतरी एक प्रत उरली होती म्हणून हे घडले. अशी एकही प्रत न उरलेल्या किती जणींचे लिहिणे गेले, ते मोजायलाही आता साधन नाही. मुंबईत १९८८ साली स्त्रियांच्या आवाजांचे, चित्रांचे आणि कागदांचे जतन करण्यासाठी 'स्पॅरो' उभी राहिली ती याच जाणिवेतून. प्रत्येक लहान संघटनेने आपल्यापुरते तेवढे काम करावे.

पूर्ण प्रत आणि वाढीव प्रत

यात अवघड काही नाही. वहीचे उदाहरण घेऊ. सगळी वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत उतरवून काढली तर ती पूर्ण प्रत. मागच्या वेळेनंतर जी पाने नवीन लिहिली किंवा बदलली तेवढीच उतरवली तर ती वाढीव प्रत. संगणकवाले याला इन्क्रिमेंटल बॅकअप म्हणतात.

रोज पूर्ण प्रत काढायला काय हरकत आहे? समजा, संघटनेचे दप्तर ४० जीबी आहे आणि रोज त्यात जेमतेम २०० एमबीची भर पडते. आठवड्याचे सहा दिवस रोज पूर्ण प्रत काढली तर चार आठवड्यांत ९६० जीबी जागा लागेल. दर शनिवारी पूर्ण आणि सोमवार ते शुक्रवार वाढीव प्रत काढली तर १६४ जीबीत काम होते. वेळही तसाच वाचतो. वाढीव प्रत काही मिनिटांत होते. पूर्ण प्रत तासभर चालते, आणि मध्येच वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.

पण वाढीव प्रतीची एक अट आहे. ती साखळी असते. गुरुवारी दुपारी संगणक बिघडला, तर शनिवारची पूर्ण प्रत, मग सोमवार, मंगळवार, बुधवार अशा क्रमाने सगळे उतरवावे लागते. त्यात मंगळवारची कडी खराब निघाली तर सोमवारपर्यंतच्याच दप्तरावर भरवसा ठेवता येतो. म्हणून एकदा पूर्ण प्रत काढून पुढे सहा महिने नुसती भर टाकत राहणे धोक्याचे. आठवड्याला पूर्ण प्रत हवीच.

वेळापत्रक ठरवताना पहिला प्रश्न संघटनेने स्वतःला विचारावा: किती दिवसांचे काम गेले तर चालेल? शिबिराच्या फोटोंचा एक आठवडा गेला तर हळहळ वाटेल, पण निभेल. बाईने आज दिलेला जबाब मात्र एक दिवसही उघड्यावर राहता कामा नये. तो आजच संगणकात जावा आणि आजच त्याची प्रत निघावी. कार्यकर्तीच्या मोबाईलवर घेतलेल्या हजेरीच्या, पगारपत्रकाच्या छायाचित्रांनाही हाच नियम. फोन एसटीत राहिला, पाण्यात पडला, की सगळे गेले.

जुन्या प्रती किती ठेवायच्या, हेही ठरलेले असावे. शेवटच्या चार आठवड्यांच्या पूर्ण प्रती, शेवटच्या बारा महिन्यांची दर महिन्याची एक, आणि ३१ मार्चला हिशेब बंद करताना काढलेली वर्षाची एक. एखादी फाईल चुकून पुसली गेल्याचे कित्येकदा दोन महिन्यांनी कळते. कालचीच प्रत जवळ असेल तर तिच्यातही ती नसते.

"आमचे सगळे गूगल ड्राइव्हवर आहे" असे पुष्कळ जणी म्हणतात. ते सोयीचे आहे, पण तेवढ्याने भागत नाही. इकडे फाईल पुसली की तिकडेही पुसली जाते. परत मिळण्याची मुदत थोडी असते. शिवाय ते खाते कोणाच्या नावावर आहे? दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या मुलीच्या वैयक्तिक ईमेलवर अख्ख्या संस्थेचे दप्तर असल्याचे आढळले तर नवल वाटू नये.

प्रत कुठे ठेवायची

पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ हा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे. एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यांतली एक वेगळ्या जागी. या शेवटच्या अटीचे महत्त्व कोल्हापूर जिल्ह्यात कोणाला समजावून सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेने ५५ फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची पातळी ४३ फुटांची आहे. शिरोलीजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद होता. जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला. ऑफिसातला संगणक आणि त्याच टेबलाच्या खणातली हार्ड डिस्क एकाच पाण्यात जातात. मोठ्यांचेही असेच होते. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्ग शहरात ओव्हीएच या कंपनीचे संगणक केंद्र जळाले, तेव्हा ज्यांच्या प्रती त्याच आवारात होत्या त्यांचे दप्तर कायमचे गेले.

म्हणून दोन डिस्क घ्याव्यात. काही हजारांचा खर्च आहे. एक ऑफिसात, जिच्यावर रोजची वाढीव आणि शनिवारची पूर्ण प्रत जाते. काम झाले की ती संगणकापासून काढून कुलपात ठेवावी. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर व्हायरसने जगभरचे संगणक कुलूपबंद केले होते. असा व्हायरस शिरला की जोडून ठेवलेली डिस्कही त्याच्या तावडीत सापडते. दुसरी डिस्क शनिवारी यावी, तिच्यावर पूर्ण प्रत निघावी, आणि संध्याकाळी ती उंचावरच्या वस्तीत राहणाऱ्या कार्यकर्तीच्या घरी परत जावी.

याहून पुढचे पाऊल म्हणजे संघटनांनी आपसात भिशीसारखी व्यवस्था करणे. कागलच्या गटाची महिन्याची कुलूपबंद प्रत सोलापूरच्या गटाने ठेवावी, सोलापूरची कागलने. एकमेकींचे दप्तर उघडता येणार नाही, पण गरज पडली तर परत देता येईल.

जपणे आणि झाकणे

इथे एक रास्त आक्षेप येतो. जितक्या प्रती, तितक्या फुटण्याच्या जागा. तक्रारदार बाईची ओळख आणि तक्रारीचा मजकूर प्रसिद्ध करण्यास २०१३ च्या कायद्याचे कलम १६ मनाई करते. कायदा नसता तरी आपल्याला ते बंधन असतेच. लहान गावात एक पेनड्राइव्ह हरवणे म्हणजे एका बाईचे गावात राहणे मुश्कील होणे.

यावर प्रती न काढणे हा उपाय नव्हे. प्रत सांकेतिक कुलपात ठेवावी. विंडोजच्या काही आवृत्त्यांत बिटलॉकर असते, आणि व्हेराक्रिप्ट विनामूल्य मिळते. पासवर्ड दोघींना माहीत असावा आणि बंद लिफाफ्यात तिसऱ्या जागी असावा. एकटीलाच माहीत असेल आणि ती आजारी पडली, तर कुलूपबंद प्रत असून नसल्यासारखी. आणि एखादीने "माझी नोंद काढून टाका" म्हटले तर तो तिचा हक्क मानावा. संगणकातून नोंद पुसली तरी जुन्या प्रतींत ती राहते. म्हणून काढलेल्या नोंदींचे क्रमांक, नावे नव्हेत, वेगळ्या वहीत लिहावेत. पुढे कधी जुनी प्रत उतरवावी लागली तर त्या वहीप्रमाणे त्या नोंदी पुन्हा काढाव्यात.

हे काम कोणाचे

बॅकअपचे काम घरकामासारखे आहे. रोज केले तर कोणाच्या लक्षात येत नाही, एक दिवस राहिले की बोलणी बसतात. म्हणूनच ते ऑफिसातल्या सगळ्यात लहान मुलीच्या गळ्यात पडते. घरातल्या न दिसणाऱ्या श्रमांची मोजदाद मागणाऱ्या आपण, ऑफिसातले न दिसणारे श्रम तरी मोजू या. आळीपाळीने दोघींची नावे फलकावर लागावीत. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात डिस्कचा आणि वेळेचा खर्च उघडपणे दाखवावा. रोजची प्रत ठरल्या वेळी आपोआप काढणारे प्रोग्रॅम आहेत, पण प्रत खरोखर निघाली का, हे बघणारी बाई लागतेच.

आणि प्रत नुसती काढून पुरत नाही, ती उतरवून बघावी लागते. १९९८ साली अमेरिकेत पिक्सार कंपनीत 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाच्या बहुतेक फाईली चुकीच्या आज्ञेने पुसल्या गेल्या. तेव्हा कळले की त्यांचा बॅकअपही नीट चालत नव्हता. चित्रपट वाचला तो गॅलिन सस्मन या तंत्रज्ञ बाईमुळे. नुकतेच मूल झाले असल्याने त्या घरून काम करत होत्या, आणि त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. ही हकिकत गमतीने सांगितली जाते. मला तिच्यात दिसते ते असे, की एवढ्या मोठ्या कंपनीने आपली प्रत कधी तपासली नव्हती आणि शेवटी एका बाळंतिणीच्या घरच्या कामाने तिला तारले. आपण अशा योगायोगावर विसंबू शकत नाही.

दर तीन महिन्यांनी, कार्यकारिणीच्या सभेआधी, कोणत्याही तीन फाईली डिस्कवरून दुसऱ्या संगणकावर उतरवून उघडून पाहाव्यात आणि त्याची नोंद इतिवृत्तात करावी. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या. चार प्रश्नांची उत्तरे त्याच सभेत लिहून काढा: प्रत कधी निघते, कोण काढते, कुठे राहते, आणि शेवटची कधी उघडून पाहिली. चौथ्या प्रश्नाचे उत्तर नसेल, तर सभा संपण्याआधी डिस्क मागवून घ्या.