वकिलाची पायरी

मराठी घरातलं कायद्याचं शिक्षण एका म्हणीत आटोपतं: शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. बांधाच्या वादात ज्यांच्या दोन पिढ्या तालुक्याच्या कोर्टात म्हाताऱ्या झाल्या, त्यांना ती पटायला वेळ लागत नाही. अडचण एवढीच, की अमेरिकेत एमएस करायला निघालेल्या मुलाला ती लागू पडत नाही. तो विमानतळावर उतरतो त्या दिवसापासून कायद्यातच राहतो. आठवड्याला किती तास काम करायचं, घर बदललं की किती दिवसांत कळवायचं, सेमिस्टरच्या मध्ये एखादा विषय सोडला तर काय, उन्हाळ्यातली इंटर्नशिप कोणत्या कागदावर करायची, हे सगळे तिथे कायद्याचे प्रश्न आहेत. आणि तो ते विचारतो कुणाला? रूममेटला, सिनियरला, टेलिग्रामवरच्या ग्रुपला. वकिलाकडे जायचं त्याच्या मनातही येत नाही.

परदेशी शिक्षणाच्या खर्चाविषयी या सदरात लिहिताना पालकांचे हिशेब बरेचदा पाहायला मिळतात. परीक्षांची फी, अर्जांची फी, सेव्हिस या सरकारी विद्यार्थी-नोंदणीची फी, तिकीट, प्रेशर कुकर, थंडीचं जाकीट, सगळं असतं. आरोग्य विमाही असतो, कारण विद्यापीठ तो सक्तीने घ्यायला लावतं. चाळीस-पन्नास लाखांचं कर्ज ज्या एका गोष्टीवर उभं असतं, ती म्हणजे मुलाचं तिथलं कायदेशीर स्टेटस. ते बिघडलं तर काय, यासाठी मात्र एक रुपयाही बाजूला काढलेला नसतो. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत ३,६३,०१९ भारतीय विद्यार्थी होते, दुसऱ्या कोणत्याही देशापेक्षा जास्त. त्यातला मोठा हिस्सा वर्गात बसत नव्हता, तर पदवीनंतर मिळणाऱ्या ओपीटीवर नोकरी करत होता. शिकून पुढे काय, हा आता लाखभर घरांचा प्रश्न आहे.

तरी तो वेळेवर विचारला जात नाही, याचं एक कारण वांद्रे-कुर्ला संकुलातल्या व्हिसाच्या खिडकीपाशी सापडतं. अमेरिकी कायद्यातलं २१४(ब) कलम असं धरूनच चालतं, की व्हिसा मागणारा माणूस तिथे कायमचा राहायला निघालाय. तसं नाही हे त्याने पटवून द्यायचं. म्हणून पुण्या-ठाण्यातले क्लासवाले मुलांकडून घोकून घेतात: शिक्षण झालं की परत येणार, वडिलांचा व्यवसाय सांभाळणार. वडील पोस्टात असले तरी. खरं तर त्याच देशाच्या नियमांत पदवीनंतर एक वर्ष, आणि विज्ञान-तंत्रज्ञानाची पदवी असेल तर वर चोवीस महिने, काम करण्याची रीतसर सोय आहे. ती घ्यावी असं वाटण्यात लबाडी काहीच नाही. पण ज्या गोष्टीचं नावही काढायचं नाही असं पढवलेलं असतं, तिच्याबद्दल मुलं विमानात बसेपर्यंत कुणाशी बोलत नाहीत. तिथे पोचल्यावर बोलतात ते दबक्या आवाजात आणि आपापसात.

विद्यापीठात एक इंटरनॅशनल ऑफिस असतं आणि तिथे डीएसओ, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदी सांभाळणारे अधिकारी, बसतात. ही माणसं बहुतेक वेळा जीव लावून काम करतात, आणि एकेकाच्या वाट्याला शेकड्याने मुलं असतात. पण डीएसओ वकील नसतो, आणि मुलाचा माणूसही नसतो. पगार त्याला विद्यापीठ देतं आणि नोंदी त्याला सरकारच्या सेव्हिसमध्ये कराव्या लागतात. विद्यार्थ्याने स्टेटसचा नियम मोडल्याचं कळलं, तर एकवीस दिवसांत कळवणं हा त्याच्या कामाचा भाग आहे. "मी सुट्टीत गॅस स्टेशनवर थोडं काम केलं, आता काय करू?" असं विचारायला एखादा घाबरलेला मुलगा तिथे गेला, तर सल्ला मागता मागता तो कबुलीजबाब देऊन येतो. हेच वाक्य तो स्वतःच्या वकिलासमोर बोलला असता, तर ते त्या खोलीबाहेर जाऊ शकलं नसतं. डीएसओ दुष्ट आणि वकील देवमाणूस, असा याचा अर्थ नाही. कोण कुणाला बांधील आहे, एवढंच पाहायचं.

प्रत्येक गोष्टीला वकील लागतो असंही मी म्हणणार नाही. ओपीटीचा अर्ज अभ्यासक्रम संपण्याच्या नव्वद दिवस आधीपासून तो संपल्यावर साठ दिवसांपर्यंत करता येतो, आणि डीएसओने शिफारस नोंदवल्यापासून तीस दिवसांत तो सरकारकडे पोचावा लागतो. पहिली मुदत सगळ्यांना पाठ असते, दुसरी निसटते. अर्ज त्यामुळे फेटाळला गेला आणि तोवर साठ दिवसही उलटले, तर त्या पदवीवरची ओपीटी गेलीच. ओपीटीच्या पहिल्या वर्षात नोकरीविना काढलेले दिवस नव्वदच्या वर जाता कामा नयेत. पूर्णवेळ सीपीटी, म्हणजे शिकत असतानाचं अभ्यासक्रमाशी जोडलेलं काम, बारा महिने केली, तर त्या पातळीवरची ओपीटी मिळतच नाही. हे सारं प्रत्येक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर लिहिलेलं असतं. त्याला वाचायची सवय पुरते. वकील लागतो तो तारीख चुकल्यावर, किंवा चुकेल अशी शंका आल्यावर.

नोकरी लागली की मुलं निर्धास्त होतात. "कंपनीचा लॉयर बघतोय सगळं." एच-वनबी या नोकरीच्या व्हिसाच्या अर्जात तो कागदोपत्री बहुधा दोघांचाही वकील असतो, पण बिल कंपनीच्या नावाने निघतं. तसंच निघायला हवं. ही फी कंपनीनेच भरायची असते आणि ती मुलाकडून वसूल करणारी कन्सल्टन्सी नियम मोडत असते. मात्र ही नोकरी सोडून दुसरीकडे जाऊ का, गेलो तर कधी कळवू, कपातीच्या यादीत नाव आलं तर हातात किती दिवस आहेत, हे त्या वकिलाला कसं विचारणार?

उरला एजंट, आणि त्याचा इतिहास आपल्या लोकांसाठी बरा नाही. २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ट्राय-व्हॅली युनिव्हर्सिटीवर छापा पडला. तिथले बहुसंख्य विद्यार्थी भारतीय होते, काहींच्या पायात ठावठिकाणा सांगणारी यंत्रं बांधली गेली आणि आपल्या परराष्ट्र खात्याला निषेध करावा लागला. २०१९ ची कथा त्याहून चमत्कारिक. मिशिगनमधली युनिव्हर्सिटी ऑफ फार्मिंग्टन ही खुद्द अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याने सापळा म्हणून उघडलेली संस्था होती. तिचं नाव सरकारमान्य यादीत होतं, फी घेतली जात होती, फक्त वर्ग भरत नव्हते. पकडले गेलेले विद्यार्थी जवळजवळ सगळे भारतीय. त्यातल्या कितींना सगळं ठाऊक होतं आणि कितींना मध्यस्थांनी गंडवलं, यावर वाद आहेत. मात्र वर्ग न भरता नुसत्या सीपीटीवर नोकरी चालते का, हा प्रश्न कुठल्याही वकिलाला विचारला असता, तर तासाभरात उत्तर मिळालं असतं. फी परत मागणारा एका विद्यार्थ्याचा दावा २०२४ मध्ये तिथल्या फेडरल सर्किट कोर्टाने पुढे चालू दिला. सरकारनेच उघडलेल्या खोट्या विद्यापीठाविरुद्धही दाद मागता येते ती अशी, कोर्टाची पायरी चढून.

याचा मोठा धडा २०२५ च्या वसंतात मिळाला. मार्च-एप्रिलमध्ये हजारो विद्यार्थ्यांच्या सेव्हिसमधल्या नोंदी अचानक बंद झाल्या. सुमारे तेरा लाख नावं पोलिसांच्या राष्ट्रीय माहितीसाठ्यातून चाळली आणि साधारण ६,४०० ठिकाणी काहीतरी जुळलं, असं नंतर सरकारी बाजूनेच कोर्टात सांगितलं. त्या 'काहीतरी'मध्ये वेग जास्त असल्याची चलनं होती, मागे घेतलेल्या तक्रारी होत्या, कधीच न चाललेले खटले होते. अमेरिकन इमिग्रेशन लॉयर्स असोसिएशनने त्या काळात ३२७ प्रकरणांची माहिती गोळा केली. त्यातली निम्मी भारतीय विद्यार्थ्यांची होती. काहींना तर स्वतःहून देश सोडा अशा ईमेलही आल्या.

अशा वेळी रात्री दोनला घरी फोन येतो. आईवडील म्हणतात, मिळेल त्या विमानाने परत ये. यात त्यांची चूक नाही, पण कायद्याच्या बाजूने हा सल्ला घातक ठरू शकतो. पासपोर्टवरचा व्हिसा देशात शिरताना लागतो. आत राहण्याचा हक्क स्टेटसवर ठरतो. व्हिसा रद्द झाला म्हणून स्टेटस आपोआप जात नाही. हे ज्यांना वकिलाने सांगितलं ते थांबले. अटलांटाच्या फेडरल कोर्टात १३३ विद्यार्थ्यांनी एकत्र दावा लावला आणि १८ एप्रिलला न्यायाधीश व्हिक्टोरिया कॅल्व्हर्ट यांनी त्यांच्या नोंदी पूर्ववत करण्याचा तात्पुरता आदेश दिला. देशभरातल्या इतर कोर्टांतूनही तसे आदेश निघाले. २५ एप्रिलला सरकारी वकिलांनी सांगून टाकलं, की नोंदी पुन्हा चालू करतो आहोत. व्हिसा रद्द झालेले जे विद्यार्थी तोवर बॅगा भरून निघून गेले होते, त्यांना पुन्हा खिडकीपाशी उभं राहणं आलं.

चलनापेक्षा जरा मोठं प्रकरण असलं, तर आणखी एक फास आहे. दुकानातून पैसे न देता वस्तू नेली, दारू पिऊन गाडी चालवली, रूममेटशी हाणामारी झाली. स्थानिक फौजदारी वकील म्हणतो, गुन्हा कबूल कर, थोडा दंड होईल, मोकळा होशील. आपल्याकडचा माणूस यावर लगेच मान डोलावतो. पण त्या कबुलीने पुढे व्हिसा, स्टेटस, सगळं उडू शकतं. पॅडिला विरुद्ध केंटकी या २०१० च्या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की परदेशी अशिलाला हद्दपारीचा धोका सांगणं हे फौजदारी वकिलाचं कर्तव्यच आहे. तो पॅडिला चाळीस वर्षं कायदेशीरपणे तिथे राहत होता, आणि त्याच्या वकिलाने त्याला काळजी करू नको म्हणून सांगितलं होतं. शिवाय फौजदारी खटल्यात गरिबाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, इमिग्रेशन कोर्टात तो हक्क नाही. तिथे वकील आणायचा तो स्वतःच्या खिशातून.

आणि बहिणीचं लग्न. २०२५ च्या सप्टेंबरात नव्या एच-वनबी अर्जांवर एक लाख डॉलरचा बोजा टाकणारा फतवा निघाला. ऑक्टोबरमधल्या खुलाशाने अमेरिकेतच राहून विद्यार्थी स्टेटसवरून एच-वनबीवर जाणाऱ्यांना त्यातून वगळलं. पण अर्ज मंजूर होण्याआधी देशाबाहेर पाऊल टाकलं, तर ती सवलत हातची जाऊ शकते. हळदीच्या दिवशी सांगलीत पोचायचं तिकीट काढण्यापूर्वी वकिलाला एक फोन करावा लागतो, अशी वेळ आली आहे. हे हास्यास्पद आहे. पण आहे.

वकील एच-वनबीची लॉटरी लावून देत नाही, हेही सांगायला हवं. वर्षाला ६५,००० आणि अमेरिकी मास्टर्सवाल्यांसाठी वर २०,००० एवढ्याच जागा. ग्रीन कार्डाला प्रत्येक देशाला सात टक्क्यांची मर्यादा. लॉटरी हुकली की पहिल्या दिवसापासून सीपीटी देणाऱ्या कॉलेजात दुसऱ्या मास्टर्सला नाव घालायचा सल्ला कन्सल्टन्सी लगेच देते. चांगला वकील त्यातले धोके सांगतो, आणि ते ऐकायला कुणालाच आवडत नाही. तरी तो तास घ्यावा. काही शे डॉलर जातील, एका विषयाच्या फीपुढे ते किरकोळ आहेत. इमिग्रेशनचा कायदा केंद्रीय असल्यामुळे ओहायोचा परवाना असलेला वकील टेक्सासातल्या मुलालाही सल्ला देऊ शकतो, आणि परवाना खरा आहे का, हे त्या राज्यात वकिलांना परवाना देणाऱ्या संस्थेकडे तपासता येतं.

पण हा भार एकट्या मुलावर का? अनेक विद्यापीठांत विद्यार्थ्यांच्या फीवर चालणारं कायदा सहाय्य केंद्र असतं. घरमालकाने डिपॉझिट दाबलं तर ते धावून येतं; व्हिसाचं नाव काढलं की बऱ्याच ठिकाणी हात वर करतं. हे बदलता येण्यासारखं आहे. सिटी युनिव्हर्सिटी ऑफ न्यू यॉर्क १९९७ पासून 'सिटिझनशिप नाऊ' या नावाने इमिग्रेशनची मोफत कायदेशीर मदत देते. कॅलिफोर्निया विद्यापीठाने स्थलांतरित विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र वकिलांचं केंद्र चालवलं आहे. परदेशी मुलांकडून पूर्ण फी घेणाऱ्या विद्यापीठांनी आरोग्य विम्यासारखीच वर्षाला तास-दोन तास वकिलाची सोय फीतच घालावी. तोवर आपल्या मंडळांनीही हातभार लावावा. तिथलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून आहे, शहरोशहरी महाराष्ट्र मंडळं आहेत, त्यांत वकील झालेली तिथलीच पिढी आहे. गणपतीच्या आरतीनंतर अर्धा तास तिला माईक दिला, तरी पुष्कळ काम होईल.

पुण्या-मुंबईतल्या शिक्षण मेळाव्यांत पालक रँकिंग, शिष्यवृत्ती आणि प्लेसमेंट विचारतात. आणखी तीन प्रश्न विचारा. स्टेटसची अडचण आली तर विद्यापीठ मुलाला वकील देतं का? त्याची फी कोण भरतं? मुलाने त्याला सांगितलेलं तो इंटरनॅशनल ऑफिसला सांगतो का? स्टॉलवरच्या माणसाला तिसऱ्याचं उत्तर देता आलं नाही, तर विद्यापीठाला ईमेल करा आणि उत्तर लेखी मागा.