काटा कोणी मारला?

भंगारवाला काटा मारतो, अशी आपल्याकडे सरसकट बोंब असते. पण या देशात भंगाराचा सर्वांत मोठा काटा मारला तो केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने, तोही राजपत्रात छापून! आयुर्मान संपलेल्या वाहनांचे नियम जानेवारी २०२५ मध्ये निघाले, १ एप्रिलपासून लागू झाले. जुन्या गाड्यांची जबाबदारी उत्पादकाची, असे त्यांत ठणकावले आहे. आणि ही जबाबदारी मोजायची कशात? फक्त पोलादात! खासगी गाड्यांसाठी वीस आणि व्यावसायिक गाड्यांसाठी पंधरा वर्षांपूर्वी जेवढे पोलाद बाजारात गेले, त्याच्या ८ टक्क्यांची प्रमाणपत्रे विकत घ्या, की पहिली पाच वर्षे कंपनी सुटली. प्लॅस्टिक, फोम, काच यांचे उद्दिष्ट नाहीच.

अहो, पोलाद गोळा करायला कायदा कशाला हवा? सोलापुरात गंजका खिळासुद्धा रस्त्यावर दुसरा दिवस बघत नाही!

भंगाराच्या अड्ड्यावर गाडी आली की आधी बॅटरी निघते, मग इंजिन, चाके, रेडिएटर. ते सगळे विकले जाते. उरतो डॅशबोर्ड. जरा महागडी गाडी असेल तर वर पीव्हीसीची कातडी, खाली पीयू फोम, त्याखाली कडक प्लॅस्टिक, आणि तिन्ही अशी चिकटवलेली की सुरीने खरवडली तरी सुटत नाहीत. सुटी असती तर किलोवर गेली असती. एकत्र आहेत म्हणून कवडीमोल, आणि कवडीमोल म्हणून शेवटी काडी! पीव्हीसी जळताना सुटणारा आम्लाचा धूर कोणाच्या छातीत जातो? ज्याने तो सांधा कागदावर आखला, त्याच्या नक्कीच नाही.

बरे, निदान पोलाद तरी शुद्ध निघते काय? वायरिंगचे जाळे गालिच्याखालून, खांबांच्या पोटातून असे कोंबलेले असते की ओढून काढण्यात अर्धा दिवस जातो. कंटाळून पत्र्याबरोबरच त्याचा चुरा होतो. तांबे एकदा पोलादात वितळले की नेहमीच्या भट्टीत ते वेगळे होत नाही. असे पोलाद तापवून लाटताना चिरते. हे आम्हाला कोणी शिकवू नये. इथल्या प्रिसिजन कंपनीचे कॅमशाफ्ट देशोदेशींच्या इंजिनांसाठी पाठवणारे, ओतकामात हात काळे केलेले सोलापूर हे शहर आहे. भट्टीत काय पडले की माल बिघडतो, हे इथला ओतारी दिल्लीतल्या सचिवापेक्षा चांगले जाणतो.

युरोपने जुन्या गाड्यांसाठी २००० सालीच निर्देश काढला. २००३ पासून नव्या गाड्यांत शिसे, पारा, कॅडमियमवर काही अपवाद सोडून बंदी आली, २०१५ पासून गाडीच्या वजनाचा ९५ टक्के भाग पुन्हा वापरात आणणे किंवा त्यातून निदान ऊर्जा मिळवणे बंधनकारक झाले. तिथे मुकाट्याने नियम पाळणाऱ्या कित्येक कंपन्या इथेही गाड्या विकतात. आमचेही एआयएस-१२९ हे वाहनांचे मानक २०१५ पासून आहे, त्यात ८० टक्के पुनर्वापराची भाषाही आहे. पण ते टक्के सामानाच्या यादीवरून गणिताने काढायचे! अड्ड्यावर प्रत्यक्ष काय सुटले, हे त्या गणितात येतच नाही. परीक्षा कंपनीची, उत्तरपत्रिकाही तिचीच!

पोलादाच्या प्रमाणपत्रांचा हा बाजार आवरा. प्लॅस्टिक, फोम, काच, तांबे सगळे काट्यावर घ्या, आणि जो सांधा सुटत नाही त्याचा दंड गाडी विकतानाच वसूल करा. तोवर डिझाइन करणाऱ्या साहेबांनी पुण्याहून सोलापूर गाठावे, आपल्याच गाडीचा डॅशबोर्ड सोडवून दाखवावा. मे महिन्यात यावे, भर दुपारी, पत्र्याच्या शेडखाली. पाना आम्ही देऊ.