नवा टीव्ही, धूसर चित्र: टीव्ही बदलून मागण्याआधी हे तपासा

५५ इंची फोर-के टीव्ही भिंतीवर लागतो. घरातले सगळे समोर बसतात, रोजची मालिका लावली जाते आणि कुणीतरी म्हणतेच, 'जुन्या टीव्हीवर याहून चांगलं दिसत होतं.' दुकानात डोळे दिपवणारे चित्र घरी आल्यावर एवढे धूसर का होते?

२२ सप्टेंबर २०२५पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे मोठा टीव्ही घेणे थोडे सोपे झाले. पण घरातला सेट-टॉप बॉक्स, वायर आणि चॅनेलचा पॅक जुनाच राहिला, तर चित्रही जुन्याच दर्जाचे राहणार. ही गोष्ट ग्राहकाला पैसे भरण्याआधी कळली पाहिजे आणि ती सांगण्याची जबाबदारी विकणाऱ्याची आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

२० पट ताणलेले चित्र

एसडी वाहिनीचे चित्र ७२० बाय ५७६, म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार ठिपक्यांचे असते. फुल एचडीत हा आकडा सुमारे २० लाख ७४ हजार होतो. फोर-के पडद्यावर ३८४० बाय २१६०, म्हणजे जवळपास ८३ लाख ठिपके असतात.

म्हणजेच फोर-के टीव्हीवर एसडी वाहिनी लावली, की एका ठिपक्याच्या माहितीवर २० ठिपके भरावे लागतात. उरलेले १९ ठिपके टीव्ही अंदाजाने रंगवतो. त्यात एकाच उपग्रहावरून किंवा केबलमधून जास्तीत जास्त वाहिन्या पाठवता याव्यात म्हणून चित्र दाबून लहान केलेले असते. जुन्या २१ इंची टीव्हीवर हे खपून जायचे. ५५ इंचांवर चेहऱ्याच्या कडा फिसकटतात आणि क्रिकेटचा चेंडू धुरकट दिसतो.

आधी दोष कुठे आहे ते ओळखा

सर्वात सोपी चाचणी रिमोटवर आहे. टीव्हीचा स्वतःचा सेटिंग्ज मेन्यू उघडा. त्यातली अक्षरे रेखीव दिसत असतील आणि पडद्यावर उभ्या-आडव्या रेषा किंवा काळे डाग नसतील, तर पडदा बहुधा ठीक आहे. मग मोबाइलवर काढलेला चांगला फोर-के व्हिडिओ पेन ड्राइव्हवर घेऊन टीव्हीला लावा. तो स्वच्छ दिसला, तर अडचण टीव्हीच्या बाहेर आहे.

दुसरी खूण बिघाडाच्या प्रकारात आहे. पूर्वी अँटेना हलला की पडद्यावर मुंग्या यायच्या. मुंबईत २०१२मध्ये आणि पुणे, नागपूर, नाशिकसारख्या शहरांत २०१३मध्ये केबल डिजिटल करण्याची मुदत संपली आणि मुंग्यांचे दिवस सरले. डिजिटल सिग्नल कमी पडला, तर चित्राचे चौकोन होतात, ते अडकते किंवा पडदा काळा होतो. ते धूसर होत नाही. त्यामुळे चित्र नुसते धूसर असेल, तर छत्रीची दिशा बदलून काहीही साधणार नाही.

चौकोन दिसत असतील, तर मात्र बॉक्सच्या मेन्यूत सिग्नलची ताकद आणि गुणवत्ता पाहा. जोरदार पावसात हे तात्पुरते होते. कोरड्या दिवशीही होत असेल, तर वायरच्या टोकाला गंज, आत गेलेले पाणी किंवा सरकलेली छत्री ही नेहमीची कारणे असतात. त्यासाठी स्वतः गच्चीच्या कठड्यावर न चढता तंत्रज्ञ बोलवा.

घरच्या घरी पाच गोष्टी

१. टीव्हीमागची वायर पाहा. बॉक्स लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांनी जोडलेला असेल, तर एचडी चित्र येऊच शकत नाही. पिवळी पिन एसडीच वाहून नेते. एचडीएमआय वायर लावा आणि टीव्हीवर तोच सोर्स निवडा.

२. बॉक्सवर एचडीएमआयची जागाच नसेल, तर तो जुना एसडी बॉक्स आहे. तो बदलावा लागेल.

३. एचडी बॉक्सच्या सेटिंग्जमध्ये व्हिडिओ आउटपुट ५७६ वर राहिले असेल, तर ते १०८० करा.

४. तुम्ही पाहता ती वाहिनी एचडी आहे का, हे तपासा. एचडी बॉक्सवर लावलेली एसडी वाहिनी एसडीच राहते. अनेक मनोरंजन वाहिन्यांच्या एचडी आवृत्त्या वेगळ्या क्रमांकावर असतात.

५. पिक्चर मोड 'विविड' असेल, तर तो 'स्टँडर्ड' किंवा 'सिनेमा' करा. विविड मोड दुकानातल्या झगझगीत उजेडात उठून दिसण्यासाठी ठीक, घरात त्याने चेहरे लालभडक होतात. चित्रपट मालिकेसारखा गुळगुळीत वाटत असेल, तर मोशन स्मूदिंग बंद करा. अभिनेता टॉम क्रूझने २०१८मध्ये खास व्हिडिओ काढून प्रेक्षकांना हेच सांगितले होते.

ओटीटीवर चित्र धूसर दिसत असेल, तर इंटरनेटचा वेग आणि तुमचा प्लॅन दोन्ही पाहा. नेटफ्लिक्स फुल एचडीसाठी ५ आणि फोर-केसाठी १५ एमबीपीएस वेग सुचवते. पण वेग १०० एमबीपीएस असला, तरी तिथे फोर-के चित्र फक्त प्रीमियम प्लॅनवर मिळते.

मग चूक कुणाची?

विक्रेते म्हणतील, आम्ही टीव्ही विकतो, चॅनेल नाही. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर आहे. पण दुकानात पडद्यावर फिरणारा व्हिडिओ खास फोर-केमध्ये तयार केलेला असतो. मोर, धबधबे आणि समुद्राचे ते चित्र पाहून ग्राहक पैसे मोजतो आणि घरी जाऊन एसडी बातम्या पाहतो. ही तफावत विक्रेत्याला माहीत असते. ग्राहकाला नसते. अशा वेळी गप्प राहणे हाही विक्रीचाच भाग होतो.

याचा भुर्दंड कुणाला? तंत्रज्ञ येतो, टीव्ही चालू करून पाहतो आणि 'टीव्हीत काही नाही, सिग्नलचा प्रॉब्लेम आहे' असे सांगून जातो. केबलवाला टीव्हीकडे बोट दाखवतो. या टोलवाटोलवीत टीव्ही बदलून घेण्याची मुदत संपते. खरोखर पडद्यात दोष असलेला ग्राहकही यात अडकतो.

उपाय अवघड नाही. प्रत्येक दुकानात एका टीव्हीवर साधी एसडी वाहिनी चालू ठेवावी. टीव्ही बसवायला येणाऱ्याने ग्राहकाच्याच बॉक्सवर, त्याच्याच नेहमीच्या वाहिनीवर चित्र दाखवावे. वायर आणि बॉक्स कोणता आहे, हे बसवल्याच्या पावतीवर लिहावे. दहा मिनिटांच्या या कामाने निम्मा गोंधळ टळेल.

ग्राहकालाही थोडा हिशेब करावा लागेल. २०१९पासून लागू झालेल्या ट्रायच्या व्यवस्थेत सशुल्क वाहिन्यांची किंमत वेगवेगळी जाहीर होते. त्यामुळे सगळा पॅक एचडी करण्याऐवजी रोज पाहिल्या जाणाऱ्या दोन-तीन वाहिन्याच एचडीत घेता येतात. त्याच वाहिन्यांची एसडी आवृत्ती सुटी घेतलेली असेल, तर ती काढायला सांगा. नाहीतर एकाच मालिकेचे दोनदा पैसे जातील.

मेन्यूतही रेषा दिसत असतील, तर त्याचा व्हिडिओ काढा आणि मुदतीच्या आत लेखी तक्रार करा. दाद मिळाली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा.

आणि अजून टीव्ही घ्यायचा असेल, तर घरात काय पाहिले जाते ते आधी मोजा. डीडी फ्री डिशवरच्या बहुतेक वाहिन्या एसडीत असतात. घरात तेवढेच पाहिले जात असेल, तर ३२ इंची एचडी रेडी टीव्ही पुरेसा आहे. वाचलेले पैसे दुसरीकडे कामी येतील.