थकवा म्हणजे आळस नव्हे

संपादक यांस,


सतत थकलेल्या किशोरवयीन मुलांना समुपदेशनाची नव्हे, शिस्तीची गरज असते, असे मत मागील अंकातील एका पत्रात मांडले आहे. ते ग्राह्य धरता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या १०व्या आवृत्तीत खिन्नता आणि गोडी नाहीशी होणे यांच्याबरोबरच शक्तिक्षय, म्हणजे थोड्याशा श्रमानेही येणारा थकवा, हे नैराश्याचे मुख्य लक्षण मानले आहे. अर्थात, रक्तक्षय किंवा थायरॉइडचा विकार नाही ना, याची तपासणी आधी व्हावयास हवी.

समुपदेशन किंवा संवादोपचार म्हणजे उपदेश नव्हे. त्यातील 'वर्तन-सक्रियता' या पद्धतीत मुलाने दिवसभरात काय केले व त्या वेळी मन कसे होते, याची नोंद ठेवली जाते आणि उत्साह येण्याची वाट न पाहता, अंघोळ करून दहा मिनिटे ओट्यावर बसणे, अशा झेपेल एवढ्या कृतीपासून सुरुवात केली जाते. याच तत्त्वावरील ६ ते ८ बैठकांचा उपचार गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांकरवीही गुणकारी ठरल्याचे 'संगाथ' संस्थेच्या, २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसले. तो अभ्यास प्रौढांचा होता. थकलेल्या मुलांसाठी बैठका आणखी आटोपशीर ठेवणे इष्ट ठरेल.

वडोदऱ्यातील आमच्या नागरवाड्याला कारेलीबागेतील शासकीय मानसिक आरोग्य रुग्णालय जवळ आहे, आणि 'टेली-मानस' या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे. पालकांनी मुलाला आळशी ठरवण्यापूर्वी या सोयींचा लाभ घ्यावा, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, नागरवाडा, वडोदरा