पडत्या काळातली चढती गाणी

नोव्हेंबर 1997. जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइडो बेटावरची सर्वांत मोठी बँक, ताकुशोकु, बुडाली. त्यानंतर आठवडाभरातच यामाइची सिक्युरिटीज या शंभर वर्षं जुन्या पेढीनं गाशा गुंडाळला. तिचे अध्यक्ष पत्रकारांसमोर रडले आणि ते दृश्य घरोघरी टीव्हीवर दिसलं. त्याच महिन्यात, टीव्हीवरच्या एका गायनस्पर्धेत हरलेल्या पाच मुली शहरोशहरी फिरून आपली सीडी स्वतः विकत होत्या. कार्यक्रमाची अट होती: पाच दिवसांत 50 हजार प्रती खपवा, तरच पुढची संधी. त्यांनी चार दिवसांत खपवल्या. विक्रीच्या शहरांत साप्पोरोही होतं, म्हणजे ताकुशोकु बँकेचं गाव.

या मुलींचा चमू पुढे ‘मॉर्निंग मुसुमे’ म्हणून गाजला. ज्या गावात बँक बसते त्याच गावात त्याच महिन्यात लोक सीडीसाठी रांग लावतात, हा विरोधाभास एका शहरापुरता नव्हता. जपानच्या ध्वनिमुद्रण उद्योगाचा आजवरचा उच्चांक 1998 सालचा आहे. त्या वर्षी 60 हजार कोटी येनांहून अधिक किमतीचं उत्पादन झालं. त्याच वर्षी देशातल्या आत्महत्यांचा आकडा 30 हजारांच्या वर गेला. कॉलेजातून बाहेर पडणाऱ्यांना नोकऱ्या मिळेनात. त्या पिढीला जपानमध्ये आजही ‘नोकऱ्यांच्या हिमयुगातली पिढी’ म्हणतात.

आता हीच पिढी पंचेचाळिशी-पन्नाशीत पोचली आहे आणि तिचं स्मरणरंजन जोरात आहे. इथे एक गंमत घडते. जपानबाहेरचे हौशी श्रोते गेली काही वर्षं जुन्या जपानी गाण्यांसाठी वेडे झालेत, पण ती गाणी वेगळी. मारिया ताकेउचीचं ‘प्लॅस्टिक लव्ह’ 1984चं, मिकी मात्सुबाराचं ‘मायोनाका नो डोआ’ 1979चं. भरल्या खिशाच्या, दिव्यांनी झगमगणाऱ्या तोक्योची ती गाणी. बाहेरच्यांना हुरहुर लागते ती त्या वैभवाची, जे त्यांनी कधी पाहिलंच नाही. खुद्द हिमयुगातल्या पिढीचा गळा मात्र दाटतो तो अर्थव्यवस्थेचा फुगा फुटल्यानंतरच्या गाण्यांनी. माणूस सुखाच्याच दिवसांसाठी झुरतो, हा आपला सोयीचा समज आहे.

मग ही माणसं नेमकी कशासाठी झुरतात? गाण्याच्या निर्मळपणासाठी म्हणावं, तर त्या काळच्या जपानी गाण्याइतकं हिशेबानं बनलेलं गाणं शोधून सापडणार नाही. नवं गाणं बहुधा मालिकेचं शीर्षकगीत किंवा जाहिरातीची धून बनूनच जन्माला येई. रविवारी-सोमवारी मालिका पाहायची, आठवड्यात सीडी घ्यायची, शनिवारी मित्रांबरोबर कराओकेच्या खोलीत ते गायचं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कराओके यंत्रं टेलिफोनच्या तारांनी जोडली गेली, त्यामुळे ताजं गाणंही लगोलग गायला मिळे. सीडीची किंमत ठरलेली. कायद्यातल्या सवलतीमुळे दुकानदाराला सूट देण्याची मुभा नव्हती. अल्बमला तीनेक हजार येन, म्हणजे तेव्हाचे सुमारे हजार रुपये. आपण त्या वर्षांत कॅसेटवर भागवत होतो.

या कारखान्याचा मुख्य कारागीर तेत्सुया कोमुरो. बायकांच्या आवाजाला उंच पट्टीत ताणायचं, चाल अशी बांधायची की कराओकेत गाताना दमछाक व्हावी आणि तरी पुन्हा गावंसं वाटावं, ही त्याची हातोटी. ओकिनावाच्या नामिए आमुरोसाठी त्यानं केलेलं ‘कॅन यू सेलिब्रेट?’ फेब्रुवारी 1997मध्ये आलं. तेही एका मालिकेचंच गाणं. त्याच्या 22 लाखांवर प्रती खपल्या आणि लग्नसमारंभांत ते हटकून वाजू लागलं. त्याच वर्षी, ऐन विशीत आणि ऐन भरात, आमुरोनं लग्न केलं, मग बाळंतपणासाठी वर्षभर रजा घेतली. 31 डिसेंबर 1998च्या रात्री ‘कोहाकु’ या एनएचकेच्या वर्षअखेरच्या गानसोहळ्यात ती परतली, तेच गाणं गायली आणि गाताना रडली. गाणं बाजारासाठी बेतलेलं होतं. ते अश्रू आणि समोरच्या कोट्यवधी लोकांचे हुंदके बेतलेले नव्हते.

त्याच डिसेंबरात पंधरा वर्षांच्या उताडा हिकारूनं ‘ऑटोमॅटिक’ आणलं. न्यूयॉर्कमध्ये जन्मलेली, गीत-संगीत स्वतःच करणारी मुलगी. तिची आई केइको फुजी ही एन्का या जुन्या वळणाच्या विरहगीतांची गाजलेली गायिका. मार्च 1999मध्ये उताडाचा ‘फर्स्ट लव्ह’ अल्बम आला आणि त्याच्या 75 लाखांहून अधिक प्रती खपल्या. तो विक्रम जपानमध्ये अजून अबाधित आहे. साडेबारा कोटींच्या देशात सोळा-सतरा माणसांमागे एक प्रत! त्याच महिन्यात आणखी एक गाणं घराघरात शिरलं: एका काडीला टोचलेल्या तीन गोड उंड्यांचं, टँगोच्या ठेक्यावरचं बालगीत, ‘दांगो सान क्योदाई’. त्याचा खप 29 लाखांच्या आसपास गेला. आजोबा, नोकरी गेलेला बाप आणि बालवाडीतली नात, तिघांनाही एकच गाणं पाठ असण्याचे ते शेवटचे दिवस.

हिमयुगातली पिढी झुरते ती यासाठी, असं माझं मत आहे. गाणं थोर होतं का, काळ बरा होता का, हे प्रश्न त्यांच्या लेखी दुय्यम आहेत. नोकरी नव्हती तेव्हाही आपण एकटे नव्हतो, शेजारच्या खोलीतून तेच गाणं ऐकू येत होतं, ही खात्री त्यांना हवी आहे. मॉर्निंग मुसुमेचं ‘लव्ह मशीन’ 1999च्या सप्टेंबरात आलं ते डिस्कोच्या तालावर, जपानच्या भवितव्याचा जग हेवा करील अशी खुशाल फुशारकी मारत. मंदीतल्या लोकांनी त्याच्या 16 लाखांहून अधिक प्रती घेतल्या. त्यांना ती फुशारकी खरी वाटली म्हणून नव्हे. सगळ्यांनी मिळून खोटं हसण्यातही धीर असतो म्हणून.

बाजाराला याचं श्रेय द्यावं का? थोडं द्यायला हवं. ‘बाजारू’ हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो, पण त्या गाण्यांना सार्वजनिक करण्याचं काम बाजारानंच केलं. त्याचा पुढचा हिशेबही विसरू नये. 2008मध्ये कोमुरो स्वतःच्या गाण्यांच्या हक्कांवरून 50 कोटी येनांच्या फसवणुकीत पकडला गेला. पुढच्या दशकात गायिकेशी हस्तांदोलन करण्याच्या चिठ्ठ्या सीडीबरोबर मिळू लागल्या आणि एकेक चाहता डझनांनी प्रती घेऊ लागला. दहा लाख प्रतींच्या खपाचा आकडा तोच राहिला, त्यामागची माणसं मात्र किती तरी कमी झाली.

2022मध्ये उताडाच्या ‘फर्स्ट लव्ह’ अल्बमच्या शीर्षकगीतावरून नेटफ्लिक्सनं मालिका काढली आणि जुनं गाणं पुन्हा लोकप्रियतेच्या याद्यांत चढलं. नायिका हिकारी मित्सुशिमा स्वतः 1997 साली बालगायिका म्हणून पुढे आलेली, म्हणजे त्याच कारखान्याचं उत्पादन. जपान जुनीच गाणी पुन्हा विकतो, अशी टीका त्यावर सहज करता येते. मला ती अपुरी वाटते. आज प्रत्येकाच्या कानात स्वतंत्र यादी वाजते आणि ती यादी पूर्वीपेक्षा सरसही असेल. पण पुढची मंदी येईल तेव्हा सगळ्यांनी मिळून कोणतं गाणं म्हणायचं, याचं उत्तर त्या यादीत मिळत नाही. जपानची ही पिढी पंचवीस वर्षं मागे वळून पाहते ती त्या उत्तरासाठी, आणि त्यात तिला हसण्यासारखं काही नाही.