पिकअपचे अ‍ॅव्हरेज

संगमनेर-अकोल्याचा टोमॅटो पिकअपमध्ये भरून आळेफाट्यावरून माळशेज उतरतो आणि वाशीच्या बाजारात जातो. या धंद्यात भाडे मालकाच्या हातात नसते. हातात असते ते फक्त अ‍ॅव्हरेज. ही नड ओळखून आता लॅपटॉप जोडून मॅप बदलणारे, ईजीआर बंद करून देणारे पुढे आले आहेत. मालकांनी त्यांना गाडीला हात लावू देऊ नये.

पूर्वी मिस्त्री पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल कमी-जास्त करत. कॉमन रेल गाडीत हे गणित संगणक एका तक्त्यावरून करतो, तोच हा मॅप. ईजीआर असतो तो नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड कमी करायला. पीयूसीत डिझेल गाडीचा फक्त धूर मोजतात, त्यामुळे ही छेडछाड पकडली जात नाही आणि तो वायू वाटेवरच्या गावांच्या छातीत जातो. वॉरंटीवर पाणी पडते ते वेगळेच. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात बेकायदा फेरफाराला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा फेरफारागणिक ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

खरे डिझेल जाते ते चालवण्यात. माळशेजच्या उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल मारणारे चालक आहेत. गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला, की आजचे इंजिन डिझेल पूर्ण तोडते, चाकेच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र ते चालू ठेवायला डिझेल लागतच राहते, आणि भरल्या गाडीचा सगळा भार तापलेल्या ब्रेकवर येतो. म्हणजे डिझेलही जाते आणि जीवही टांगणीला लागतो. हे चालकाला कोणी समजावून सांगितलेलेच नाही, याची फार खंत वाटते.

वेगाचेही तसेच. ६० वरून ८० वर गेले की हवेचा विरोध जवळपास पावणेदोन पट होतो. केबिनच्या वर क्रेट रचले असतील तर तो आणखी जाणवतो. आणि टायर! भरल्या गाडीची हवा वेगळी असते, कंपनी ती लिहून देते, पण माल भरण्याआधी ती तपासतो कोण?

वाहनांची चाचणी घेणारी व्हीआरडीई ही संस्था आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. तिथल्या जाणकारांना बोलावून बाजार समित्यांनी चालकांसाठी अर्धा दिवस काढावा. कांद्याच्या गाड्यांचेही दुखणे हेच, म्हणून तोवर जिल्ह्यातल्या नेप्ती आणि घोडेगावच्या कांदा बाजारांनी निदान गेटवर हवेचा कॉम्प्रेसर आणि चांगले मीटर बसवावे, गाडी भरायला आत शिरण्याआधी, फुकट.