बंदूक कुणाच्या हाती देता?

पीक प्रात्यक्षिकासाठी गावातला एक शेतकरी निवडणं हे आमच्या नोकरीतलं मोठं अवघड काम. पहिल्याच खरिपात मी चुकलो. जो सर्वांत आधी पुढे आला, मोठ्यानं बोलला, त्याच्याच नावावर बियाणं आणि खत लिहून दिलं. धान चांगलं आलं, पण बघायला कुणी फिरकलं नाही. निम्म्या गावाशी त्याचं धुऱ्यावरून भांडण होतं, हे मला मागाहून कळलं. दोन पोती बियाण्यावर निभावलं. हातात बंदूक दिली असती तर?

आपल्या जिल्ह्याला लागून, इंद्रावतीच्या पलीकडे हेच घडलं. जून २००५ मध्ये त्या वेळच्या दंतेवाडा जिल्ह्यात ‘सलवा जुडूम’ सुरू झाली. नक्षलवाद्यांच्या जाचाला लोक कंटाळले होते, तो राग खोटा नव्हता. पण सरकारनं त्या रागाला हत्यार दिलं. पुढारी काँग्रेसचे महेंद्र कर्मा, पाठीशी भाजपचं राज्य सरकार. गावातल्या पोरांना ‘विशेष पोलीस अधिकारी’ नेमलं. मानधन आधी महिना दीड हजार, पुढे तीन हजार. शिक्षण पाचवी पास असलं तरी चालत होतं.

मग गावंच्या गावं उठवून रस्त्याकडेच्या छावण्यांत आणली. जे आले नाहीत ते नक्षलवाद्यांचे, असा हिशेब झाला. हजारो माणसं त्या वेळच्या आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात पळाली. बांध्या पडीक राहिल्या. ज्याची पेरणी चुकली त्याचं वर्ष बुडालं, हे तुम्हाला मी काय सांगावं?

शांतता तर आलीच नाही. जुलै २००६ मध्ये नक्षलवाद्यांनी एर्राबोरच्या छावणीवर हल्ला करून सुमारे तीस जणांना मारलं. मार्च २००७ मध्ये राणीबोदलीच्या पोलीस चौकीत ५५ जण गेले, त्यात बहुतेक हीच मानधनावरची पोरं. ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयानं आदिवासी तरुणांना असं लढाईत उतरवणं घटनाबाह्य ठरवलं आणि हत्यारं परत घ्यायला सांगितलं. सरकारनं कायदा करून त्यांना पोलिसांच्या सहायक दलात घेतलं. २५ मे २०१३ रोजी झीरम घाटीत नक्षलवाद्यांनी खुद्द कर्मांना मारलं.

कुणी म्हणेल, स्थानिक माणसाशिवाय जंगलातली वाट कोण दाखवणार? खरं आहे. आपल्याकडेही १९९० मध्ये सी-६० पथक उभं राहिलं, ते इथल्याच पोरांचं. पण ती पोरं रीतसर पोलिसात भरती झाली. पगार, हुद्दा, वरचा साहेब, सगळं ठरलेलं. त्यांच्याविरुद्धही तक्रारी झाल्या. पण तक्रार कुणाची, कुणाकडे करायची, हे तरी माणसाला कळतं.

माझं म्हणणं एवढंच. कुठल्याही सरकारनं गावातला गट हाताशी धरण्याआधी तीन गोष्टी बघाव्यात. गावात त्याला कोण मानतं, आणि त्याचं कुणाशी जुनं वैर आहे? तो चुकला तर जाब कोण विचारणार? आणि काम झाल्यावर बंदूक परत कशी घेणार? तिसऱ्याचं उत्तर नसेल तर पहिल्या दोहोंचा उपयोग नाही. जो आधी पुढे येतो तोच भरवशाचा, असं धरून चालू नये. अनेकदा तो स्वतःचा हिशेब चुकता करायलाच आलेला असतो.

नक्षल चळवळ आता बरीच ओसरली आहे. साहेब बदलून जातात, पुढारी दुसऱ्या विषयाला लागतात. पण ज्याच्या हातून शेजाऱ्याचं घर जळलं, त्याला त्याच शेजाऱ्याच्या धुऱ्याला धुरा लावून उद्या धान रोवायचं आहे. त्या दोघांचा विचार बंदूक वाटण्याआधी व्हायला हवा होता.